पत्रा, पुट्टी आणि प्रेम

एमजी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? हेक्टर! २०१९मध्ये आपल्याकडे आली आणि बघता बघता प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकेक दिसू लागली, तीच. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दुसरीच एमजी येते. मोरपंखी रंगाची, दोन सीटची, टप मागे टाकलेली, जमिनीला जवळजवळ चिकटून धावणारी. एमजीबी रोडस्टर, मॉडेल १९७२. माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी, आणि तरीही माझ्यापेक्षा स्लिम!

बर्मिंगहॅममध्ये नोकरी करणाऱ्या कसबा पेठेतल्या मुलीला हे डोहाळे कुठून लागले, असं माझ्या नवऱ्यानेही विचारलं होतं. आम्ही घराच्या डिपॉझिटसाठी पैसे साठवत होतो. त्यात माझा बोनस आला आणि मी जाहीर केलं, ‘हा माझा. याची गाडी घेणार. जुनी.’ तो बिचारा म्हणाला, ‘जुनी म्हणजे तीन वर्षांची ना?’

आता थोडी ओळख. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये तयार झाली. बंद टपाची जीटी धरून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. म्हणजे ही काही अब्जाधीशांची फेरारी नव्हे. नोकरदाराने हौसेने घ्यावी आणि रविवारी स्वतःच बोनेट उघडून बसावं, अशी स्पोर्ट्स कार. पार्ट्स आजही सर्रास मिळतात. स्टेअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. आणि बोनेटखाली काय? १७९८ सीसीचं बी-सीरिज इंजिन. त्याचंच १४८९ सीसीचं धाकटं भावंड आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं धावलं!

हे मला गाड्यांच्या पुस्तकातून नाही, आप्पांकडून कळलं. माझे वडील पुण्यात एका सरकारी खात्याच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. साहेबांच्या पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडर उघडण्यात आणि मिटण्यात त्यांची तीस वर्षं गेली. मी फोनवर एमजीबीबद्दल सांगितलं तर म्हणाले, ‘अगं, ती तर आपल्या अ‍ॅम्बेसेडरची बहीणच. परदेशात वाढली म्हणून नखरा जास्त, एवढंच.’

आमच्या घरी मात्र फियाट होती. प्रीमियर पद्मिनी, गिअर स्टेअरिंगला. दादा तिच्यावर गाडी शिकला. मी नाही. ‘तुला कशाला?’ एवढ्यावर विषय संपला. मग २०११मध्ये मला इथे मास्टर्सची अ‍ॅडमिशन मिळाली आणि विमानाच्या तिकिटासाठी आप्पांनी फियाट विकायला काढली. गिऱ्हाईक आलं. चाळीस हजार सांगितले होते. तो माणूस गाडीभोवती फिरत होता, चाकाला लाथ मारत होता, ‘काका, हे डबडं कोण घेणार?’ म्हणत होता. मी गॅलरीतून बघत होते. आप्पांनी स्वतःहून सांगितलं, ‘तिसरा गिअर कधीकधी निसटतो, बघून घ्या.’ झालं! तेवढं धरून त्याने अठ्ठावीस हजारांवर आणलं. आप्पा काही बोलले नाहीत. किल्ली दिली आणि वर येऊन हात धुतले. त्या माणसाचा मला अजूनही राग येतो.

हे सगळं डोक्यात ठेवून मी गेल्या एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी दहा वाजता वूस्टरशरमधल्या एका खेड्यात पोचले. इकडचे दहा म्हणजे पुण्यातले दुपारचे अडीच. आप्पांनी चक्क वामकुक्षी रद्द केली होती आणि चष्मा पुसून व्हिडिओ कॉलवर हजर होते.

गाडीचे मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. कोटाला सगळी बटणं. १९८६पासून गाडी त्यांच्याकडेच. विकायचं कारण गुडघे. ‘आत बसता येतं, बाहेर निघता येत नाही,’ ते हसून म्हणाले. किंमत नऊ हजार पौंड. आणि गाडी? काय सांगू! क्रोमचे बंपर लखलखत होते. (१९७४च्या शेवटी अमेरिकी नियमांपायी एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी उंचही केली गेली. म्हणून त्याआधीच्या क्रोमवाल्यांना भाव जास्त.) मी त्याच क्षणी हो म्हणणार होते. कानात आवाज आला, ‘आधी बोनेटवर हात ठेव.’

बोनेट गार होतं. गुड! मालकाने तुम्ही येण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर सकाळी ते कसं सुरू होतं हे तुम्हाला कधीच कळत नाही. म्हणून मी आदल्या दिवशीच फोन करून विनंती केली होती. चोक ओढला, किल्ली फिरवली, दोन आचके आणि सुरू. मागून निळा धूर नाही. मी फोन बोनेटजवळ धरला. आप्पांनी डोळे मिटले, गाणं ऐकावं तसं ऐकलं. ‘टॅपेट वाजतायत थोडे. वाजू देत. वाजणारा टॅपेट बरा, अगदी गप्प असलेला जास्त घट्ट असू शकतो.’

मग चक्कर. इंजिन तापल्यावर तेलाच्या दाबाचा काटा साठच्या आसपास, आयडलिंगला वीसच्या वर. दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना खरखर नाही. ओव्हरड्राइव्हचा स्विच टाकला की इंजिनाचा आवाज खाली येतो, जणू गाडीने सुस्कारा सोडला. आजोबा बाजूच्या सीटवर, दोन्ही हात मांडीवर. वळणावर त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता. तिथे ब्रेक नव्हता!

इथपर्यंत माझे नऊ हजार गेल्यातच जमा होते.

परत आल्यावर आप्पा म्हणाले, ‘आता मॅग्नेट काढ.’ मी आमच्या फ्रिजवरचं महाबळेश्वरचं स्ट्रॉबेरीचं मॅग्नेट आणलं होतं. रंगाला ओरखडा नको म्हणून त्याला रुमाल गुंडाळला आणि पुढच्या मडगार्डवरून सरकवत गेले. पत्र्यावर चिकटतंय, चिकटतंय... आणि चाकामागे, दाराच्या पुढे, खालच्या बाजूला अचानक सुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. पुट्टी! या कोपऱ्यात चाकाने उडवलेला चिखल साठतो, ओल राहते आणि पत्रा आतून सडत जातो. वरून पुट्टी आणि रंग मारला की कोणाच्या बापालाही कळत नाही. माझ्या बापाला कळलं.

‘जॅक मागून घे,’ ते म्हणाले.

हे जरा समजून घ्या, कारण जुनी ओपन कार घेताना सगळा खेळ इथेच असतो. एमजीबीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. त्यात वर टप नाही, म्हणजे पुढची आणि मागची बाजू सांधून ठेवायचं बरंचसं काम दाराखालच्या दोन पोकळ पट्ट्या करतात. त्यांना इथे सिल म्हणतात. आत थरावर थर पत्रे असतात. इंजिन बिघडलं तर दुसरं मिळतं. सिल सडले तर गाडीचा कणाच गेला. तपासायची युक्ती सोपी: जॅकने एक बाजू उचला आणि दाराची फट बघा. कणा धड असेल तर फट तेवढीच राहते.

आजोबांना जॅकची कल्पना आवडली नव्हती, पण त्यांनी तो आणून दिला. चार पंप. गाडी करकरली. दाराची वरची फट माझ्या डोळ्यांदेखत बारीक झाली. दार उघडलं, लावायला गेले, लागेना.

आम्ही तिघंही गप्प. एक जण तर सात हजारांहून जास्त किलोमीटरवर गप्प.

गाडी खाली उतरवली आणि मी आडवी होऊन, नुसतं खालून, टॉर्च मारला. जुने सडलेले सिल न कापता त्यांच्यावर नवा पत्रा ठोकून वेल्डिंग केलं होतं. जखम न धुता बँडेज बांधावं तसं. आजोबांनी फाइल आणली. एमओटीची जुनी सर्टिफिकेटं, पेट्रोलच्या पावत्यासुद्धा तारखेनुसार लावलेल्या. त्यात १९९८चं एक बिल. ‘दोन्ही सिल नवीन.’ त्यांनी पूर्ण पैसे मोजले होते. इथे रोड टॅक्स माफ असलेल्या जुन्या गाड्यांना, मूळ रचनेत मोठे बदल नसतील तर, २०१८पासून वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. त्यामुळे अलीकडे कोणी गाडीखाली डोकावलंच नव्हतं. आजोबांनी बिलाकडे बघितलं, मग गाडीकडे. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनाच कोणीतरी फसवलं होतं, आणि इतक्या वर्षांनी ते सांगायला मी आले होते, हातात स्ट्रॉबेरी घेऊन.

आता बार्गेनिंग! तुळशीबागेत वाढलेल्या मुलीला हे शिकवावं लागत नाही. अर्ध्या किमतीपासून सुरुवात करायची, तोंड वाकडं करायचं आणि पाठ फिरवायची. चार पावलांवर ‘ओ ताई’ अशी हाक येतेच. दोष सापडले होते, समोरचा माणूस ढासळला होता. ‘या डबड्याचे चार हजार’ म्हटलं असतं तर कदाचित तेही चालून गेलं असतं. ते वाक्य ओठांवर आलं आणि मला आमची गॅलरी आठवली. ज्याचा इतकी वर्षं राग केला, तो माणूस आज मी होते. फक्त पौंडात.

मी फोन बाजूला नेऊन विचारलं, ‘आप्पा, काय सांगू?’

‘दुरुस्तीला किती लागतील?’

‘दोन्ही बाजू कापून, नीट करून, रंगासकट... तीनेक हजार.’ मी आधीच एका वेल्डरला विचारून ठेवलं होतं.

‘मग तेवढेच कमी कर. गाडीला नावं ठेवू नकोस. पत्रा सडलाय तर पत्र्याचे पैसे कापायचे, माणसाचे नाही.’

मी आजोबांना हिशोब कागदावर मांडून दाखवला आणि सहा हजार म्हटलं. ते म्हणाले, ‘आठ.’ मी नाही म्हटलं. शेवटी माझ्यातली तुळशीबाग जागी झालीच. नमस्कार केला आणि पाठ फिरवली. चार पावलं टाकली, आठ टाकली. मागून हाक आली, ‘सेफ जर्नी होम!’ आणि फाटक लागलं.

मंडळी, इंग्लंडमध्ये ‘ओ ताई’ म्हणत नाहीत.

घरी नवऱ्याने न विचारताच चहा केला. मी चार दिवस फोनकडे बघत होते. आप्पांनी रोज विचारलं, ‘आला का?’ त्या आवाजात बहिणीची सोयरीक अडल्याची काळजी होती. मला पुन्हा पुन्हा वाटलं, आठ देऊन टाकावेत. पण ते आमच्या घराच्या भिंतीतून काढावे लागले असते. ‘ज्या आकड्यावर झोप लागेल तोच आकडा,’ नवरा म्हणाला. त्याचं हे वाक्य मी फ्रिजवर लावायला हरकत नाही.

गुरुवारी संध्याकाळी आजोबांचा फोन आला. त्यांनी गाडी दुसऱ्या वेल्डरकडे नेऊन उचलून बघितली होती. ‘युअर फादर वॉज राइट,’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘तुझ्याआधी दोघं बघून गेले होते. एकाने आत बसून फोटो काढले, दुसऱ्याने टायरला लाथ मारली.’ सहा हजार दोनशे पन्नासला सौदा ठरला. वरचे अडीचशे मी स्वतःहून चढवले. त्यात पार्ट्सची एक पेटी, वर्कशॉप मॅन्युअल आणि ती फाइल, १९९८च्या बिलासकट.

पैसे बँकेतून पाठवले, नोंदणीच्या कागदावरचा आणि गाडीवरचा चासी नंबर ताडून बघितला. विमा क्लासिक गाड्यांचा, किंमत आधीच ठरवून घेतलेला. गाडी ट्रेलरवर चढवून थेट वेल्डरकडे गेली. तिथे ती सात आठवडे होती आणि बिल तीन हजार चारशे झालं. बघा, म्हणजे आप्पांचा आणि माझा हिशोबही चारशे पौंडांनी हुकलाच!

जुलैमध्ये मी तिला घरी आणली. उघड्या टपाने, केसांचं घरटं करून. वाटेत एका ठिकाणी थांबून आप्पांना फोन लावला आणि काही न बोलता बोनेटजवळ धरला.

त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, ‘पंधरा थाऊ ठेवायला हवं टॅपेटला. पुढच्या वर्षी येतो तेव्हा माझं फीलर गेज घेऊन येतो.’

‘अहो आप्पा, गेज इथेही मिळतं.’

‘मिळत असेल. पण सेटिंग तू करायचं. मी नुसता बघणार.’