चालकाचें अवधान

मालवणांत आगगाडी येत नाहीं. १९९८ सालीं कोकण रेल्वे पुरी झाली, तरी गाडीसाठीं आम्हांस कुडाळ किंवा कणकवलीच गांठावी लागते. आमच्या बाजूस लोहमार्ग बहुधा रस्त्याच्या वरून वा खालून जातो. त्यामुळें फाटकाचें भय आम्हांस फारसें ठाऊक नाहीं. परंतु आमचीं मुलें-नातवंडें देशभर विखुरलेलीं आहेत, आणि तिकडे रूळ व रस्ता पुष्कळ ठिकाणीं एका पातळींत येतात.

२००५ सालीं नागपूरजवळ कन्हान येथें राखणदार नसलेल्या फाटकावर वऱ्हाडाचा ट्रॅक्टर आगगाडीपुढें सांपडला व पन्नासांवर माणसें प्राणांस मुकलीं. २६ एप्रिल २०१८ रोजीं उत्तर प्रदेशांतील कुशीनगर जिल्ह्यांत शाळेची गाडी अशाच ठिकाणीं सांपडून १३ बालकें गेलीं. चालकाच्या कानांत इअरफोन होते, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १३१ वें कलम मननीय आहे. अशा फाटकाशीं वाहन थांबवावें, सोबत्यानें उतरून रुळापर्यंत चालत जावें, दोन्ही बाजूंस गाडी नाहीं अशी खात्री करून मग वाहन पुढें न्यावें. सोबती नसेल तर चालकानें स्वतः उतरावें, असें तें सांगतें. पाय जमिनीस लागले म्हणजे मन ठिकाणावर येतें! जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरील अशीं फाटकें नाहींशीं करण्यांत आलीं. चालकाचें कर्तव्य मात्र नाहींसें झालें नाहीं.

ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार तीन सेकंदांत ५० मीटर पुढें जाते. भ्रमणध्वनीवरील दोन ओळी वाचावयास तेवढाच वेळ लागतो. भरधांव आगगाडीस तर थांबावयास किलोमीटरभर अंतरही लागूं शकतें. तेव्हां सावधपणाचा भार मोटार हांकणारावरच पडतो. शतावधानी पंडित एकाच वेळीं शंभर विषय मनांत धरतो, म्हणून सभा त्याचा सत्कार करते. सामान्य माणसास अवधान एकच असतें.

पण सारा दोष चालकाचाच काय? मुलगा बायकामुलांस घेऊन निघाला कीं आजी, आत्या, काका पाळीपाळीनें विचारतात, “कोठवर आलांत?” हें प्रेमच खरें, परंतु तें त्याच्या हातीं चाक असतांना पोंचतें. म्हणून घरांत एक नेम असावा. वाटेंतील खुशाली चालकास विचारूं नये, शेजारीं बसलेल्यास विचारावी. तो एकटा असेल तर त्यानेंच गाडी उभी करून कळवावें. आणि फाटकाशीं खोळंबून त्यास उशीर झाला, तर कोणीं जाब विचारूं नये. उशिरा आलेल्यासाठीं पान पुन्हा वाढतां येतें.