कारभाऱ्यांनी काय वाचावे?

कृत्रिम बुद्धिमत्ता, नेतृत्व, व्यवस्थापन, थोड्या वेळात अधिक काम, या विषयांवर काय वाचावे, असे पेडणे-डिचोलीकडील तरुण मंडळी आम्हांस हल्ली वारंवार विचारतात. २०२३ च्या जानेवारीत मोपास विमाने उतरू लागल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानातून चकचकीत वेष्टनांची अशी पुष्कळ पुस्तके आली. ती आम्ही वाचली. पहाटे उठा आणि दिवसाच्या कामांची यादी करा, हा त्यांतील उपदेश काकडआरतीस जाणाऱ्यांना नवा नव्हे. जी पुस्तके पुन्हा काढून वाचावीशी वाटली, त्यांच्यापुरतेच येथे लिहितो.

पहिले पुस्तक जोसेफ वायझेनबाउम यांचे. हे अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९६६ साली त्यांनी ‘एलायझा’ नावाचे संभाषण करणारे संगणकी यंत्र लोकांपुढे मांडले. माणसाचे वाक्य घ्यावे आणि त्यातलेच शब्द फिरवून प्रश्नरूपाने परत करावे, एवढीच त्याची करामत. तरी त्यांच्या चिटणीसबाई त्याच्याशी बोलण्यात अशा रंगल्या, की त्यांनी खुद्द प्राध्यापकांसच खोलीबाहेर जाण्यास सांगितले! या अनुभवाने अस्वस्थ होऊन त्यांनी १९७६ साली ‘कॉम्प्यूटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ हा ग्रंथ लिहिला. हिशेबाने काढलेले उत्तर निराळे आणि विवेकाने केलेली निवड निराळी. काही कामे यंत्रास साधली तरी त्याच्यावर सोपवू नयेत, असे त्यांचे म्हणणे आहे.

अलीकडील ग्रंथांत अरविंद नारायणन आणि सयश कपूर यांचे ‘एआय स्नेक ऑइल’ (२०२४) अवश्य वाचावे. लिहिणारे, चित्रे काढणारे यंत्र आणि अमुक मनुष्य पुढे कसा वागेल हे वर्तविण्याचा दावा करणारे यंत्र, या दोहोंस एकाच नावाने ओळखण्यात केवढा घोटाळा आहे, हे त्यांनी उलगडून दाखविले आहे.

या शास्त्राशी आपला काय संबंध, असे गोमंतकीयाने मात्र म्हणू नये. १९०७ साली कोसबे येथे जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या संख्याशास्त्रीय निबंधातील गणित कारहुनेन आणि लोएव्ह यांनी पुढे स्वतंत्रपणे मांडले. १९८७ साली माणसांचे चेहरे थोड्या आकड्यांत बसविण्याचे जे प्रयोग झाले, त्यांच्या मुळाशी हेच गणित होते.

आता कॅमेरे गर्दीही मोजतात. २०२५ च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात तशी योजना होती. तरीही २९ जानेवारीच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली. शासनाने प्रथम सांगितलेला मृतांचा आकडा ३० होता. त्याच वर्षी ३ मे रोजी पहाटे आमच्या डिचोलीतील शिरगावी श्रीलईराईच्या जत्रेत भाविक चेंगरून दगावले. त्या प्रसंगाची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु व्यवस्थापनाचे पुस्तक हाती घेतले, की ते धोंड आणि त्यांच्या हातांतील वेतकाठ्या आमच्या डोळ्यांपुढे येतात, आणि मग कचेरीतील बढतीसाठी लिहिलेली पाने आपोआप उलटली जातात.

पीटर ड्रकर यांचे ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ (१९६७) मात्र उलटले गेले नाही. आपला वेळ कोठे जातो हे आठवून सांगू नका, लिहून पाहा, एवढा एक धडा घेतला तरी मुखत्यार-खजिनदारांचे पुष्कळ काम हलके होईल.

आमच्या मते सर्वांत मोलाचा ग्रंथ मराठीतच आहे. डिचोलीतील नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार ज्यांच्या आज्ञेने १६६८ साली झाला, त्या शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराची परंपरा रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्रा’त लिहून ठेविली. त्यात आरमाराच्या लाकडांविषयी एक प्रकरण आहे. आंबा आणि फणस हीही आरमाराच्या उपयोगाची झाडे. हिशेब म्हणेल, जवळ आहेत, तोडा. अमात्य म्हणतात, हात लावू नये. रयतेने ती लेकरांसारखी बहुत काळ वाढविली आहेत. झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन न्यावे. ज्याच्या घरामागे कुळागर आहे त्यास यातील मर्म समजावून सांगावे लागत नाही. वायझेनबाउम यांनी हिशेब आणि निवड यांत जी रेघ ओढली, ती येथे अडीचशे वर्षे आधी, एका झाडाच्या निमित्ताने ओढलेली आहे. अमात्यांनी उत्तर देऊन सोडून दिले नाही. धन्यास राजी करावे आणि द्रव्य द्यावे, हेही सांगितले.

मध्यंतरी पेडणे महालातील एका देवस्थानाच्या बैठकीस आम्ही हजर होतो. जत्रेसाठी गर्दी मोजणारे कॅमेरे घ्यावेत, असा ठराव तरुण महाजनांनी आणला होता. ठराव चांगला होता. आम्हीही अनुमोदन दिले. मग एका वृद्ध महाजनांनी विचारले, “पडद्यावर तांबडा आकडा दिसला, की पालखी थांबवा असे कोणी म्हणायचे? आणि पालखी थांबली म्हणून लोक रागावले, तर पुढे कोणी उभे राहायचे?” अध्यक्षांनी मुखत्यारांकडे पाहिले, मुखत्यारांनी चिटणिसांकडे. कॅमेऱ्यांचा ठराव त्याच दिवशी संमत झाला. त्या नावासाठी पुढील रविवारी पुन्हा बैठक ठेविली आहे, आणि तोवर वाचावे म्हणून ‘आज्ञापत्रा’ची आमची प्रत चिटणिसांनी नेली आहे.