बंदोबस्ताचं गाणं

गणपती गेले की आमच्या रत्नागिरीतल्या गाणाऱ्या मंडळींची एक घरगुती स्पर्धा होते. बक्षीस नारळाचं, चहा यजमानांचा. दरवर्षी एक विषय ठरतो आणि त्यावर ज्याने त्याने गाणं आणायचं. जुनं चालेल, स्वतः रचलेलं असेल तर उत्तम. आधी पाऊस, समुद्र, आई असे विषय होऊन गेले होते. यंदा कुणीतरी ‘पोलीस आणि गुन्हा’ सुचवलं आणि तेच ठरलं. परीक्षक दोघं, मी आणि पखवाज वाजवणारे एक बुवा. सूर, लय, शब्दोच्चार यांचे गुण आम्ही डोळे मिटून देतो. या वेळी खरी परीक्षा होती ती ‘विषयाशी नातं’ या रकान्याची.

सुरुवात हिंदी चित्रपटांनी झाली. ‘सी.आय.डी.’ (1956) मधलं मुंबईवरचं गाणं एका तरुणाने फार ठसक्यात म्हटलं. नायक देव आनंद पोलीस इन्स्पेक्टर, पण मुंबईचं ते गाणं गीतकार मजरूह यांनी दिलं जॉनी वॉकरच्या तोंडी, आणि चित्रपटात तो आहे खिसेकापू. शहराबद्दलचं खरं बोलायला लेखकाला चोरच सापडला! पाठोपाठ एका निवृत्त शिक्षिकेने ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) मधली प्रार्थना म्हटली. शाळेत आम्ही सगळ्यांनीच ती म्हटलेली. पण ती खुनी कैद्यांच्या गोष्टीतली आहे हे समोरच्या अनेकांना ठाऊकच नव्हतं. त्या चित्रपटामागे औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला केलेला खुल्या तुरुंगाचा प्रयोग आहे, कथा गदिमांची आणि चाल वसंत देसाईंची. देसाई कुडाळजवळच्या सोनवड्याचे. 1981 मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तो मुलूख आमच्याच जिल्ह्यात होता, म्हणून बाईंनी हे सांगितलं तेव्हा सभेत जरा जास्तच कौतुक झालं.

मग आली गवळण. नमनाच्या खेळात वर्षानुवर्षं गाणाऱ्या एका काकांनी मथुरेच्या वाटेवर कृष्णाने गवळणींना अडवल्याची गवळण म्हटली. कुणीतरी हटकलं, “काका, ह्यात पोलीस कुठे?” काका म्हणाले, “वाट अडवणं, दही-दूध लुटणं, माठ फोडणं. गुन्हा झाला ना? आणि यशोदेकडे फिर्याद गेली.” मला हे पटलं. आपल्या परंपरेत देवाला चोर म्हणायची मोकळीक आहे आणि संतांनी सरकारदरबारची भाषाही बिनदिक्कत वापरली आहे. एकनाथांच्या भारुडांत अर्जदस्त आहे, ताकीदपत्र आहे, अभयपत्र आहे.

या वाटेचं टोक म्हणजे जनाबाईंचा पंढरीच्या चोराचा अभंग. तो एका कॉलेजच्या मुलीने म्हटला, हार्मोनियमशिवाय, नुसत्या टाळावर. अभंग मला पाठ आहे, तरी त्या दिवशी तो मी पहिल्यांदाच या नजरेने ऐकला. गळ्यात दोर बांधून चोर पकडणं, हृदयाच्या बंदिखान्यात कोंडणं, पायात बेडी, वर मार, चोराचं काकुळतीला येणं आणि शेवटी न सोडण्याचा निर्धार. अटकेपासून सगळी कारवाई नामदेवांच्या घरी राबणाऱ्या एका बाईने विठ्ठलावर केली आहे. तेराव्या-चौदाव्या शतकात दासी म्हणून जगणाऱ्या बाईवर हुकूम चालवणारे किती असतील! इथे मात्र हुकूम तिचा. बुवांनी आणि मी एकमेकांकडे न बघता सारखेच गुण लिहिले.

ऐकता ऐकता एक गोष्ट मला टोचत राहिली. चोराला गाणं होतं, कैद्याला होतं, देवालाही होतं. पोलिसाला नव्हतं. 26/11 च्या हल्ल्यात गेलेले पोलीस तुकाराम ओंबळे यांच्यावर एकाने रचलेला पोवाडा आला, चांगलाच होता. हातात नुसती काठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवणाऱ्या माणसाचा पोवाडा व्हायलाच हवा. पण हा पोवाडा माणूस गेल्यावर झाला. जिवंत पोलीस आपल्याकडे येतो तो वगातला हवालदार म्हणून. ‘विच्छा माझी पुरी करा’मधला दादा कोंडकेंचा हवालदार, पुढे 1975 चा ‘पांडू हवालदार’ चित्रपट. मला दोन्ही आवडतात. पण या जिल्ह्याने मुंबईला गिरणी कामगार दिले तसे पोलीसही दिले. आमच्या वाड्यावाड्यांत पोलिसांची घरं आहेत आणि त्या घरांचं गाणं मी ऐकलेलं नव्हतं.

ते शेवटून दुसऱ्या नंबरला आलं. म्हणणारी बाई मुंबईतल्या एका कॉन्स्टेबलची बायको, गावी सासू-सासऱ्यांजवळ राहणारी. जाखडीच्या चालीवर तिने स्वतः रचलेलं. गौरी-गणपतीत कोकण रेल्वेला पाय ठेवायला जागा नसते, एसटीच्या जादा गाड्या भरून येतात, घरोघरचा चाकरमानी उतरतो. पोलिसाचा मात्र उतरत नाही, कारण त्याच दहा दिवसांत मुंबईत बंदोबस्त. आरतीला घरचा माणूस नाही, नैवेद्याचं पान फोनवर दाखवायचं, असं ती सांगत गेली. आणि एका कडव्यात आलं की त्याने विसर्जनाला एवढे गणपती पोचवले, पण त्याची सगळ्यांकडे पाठ, कारण तोंड गर्दीकडे ठेवायचं असतं. हे पाहिल्याशिवाय सुचत नाही. ढोलकी धरलेल्या मुलाचा हात क्षणभर चुकला.

तरी पहिला नंबर आम्ही जनाबाईंच्या अभंगालाच दिला. यावर मंडळी नाराज झाली आणि ‘बाईंचं स्वतःचं गाणं, मनातलं गाणं’ अशी बाजू जोरात मांडली गेली. पण मनातलं आहे म्हणून गुण द्यायचे तर ऐकणाऱ्याने नुसतं हळहळायचं आणि गाणं तिथेच राहायचं. चाल तिला वरच्या पट्टीत पेलत नव्हती, शेवटच्या कडव्यात देवाकडे मागणं घालून तिने गाणं गुंडाळलं होतं, आणि नवरा सुट्टीवर आल्यावर काय होतं हे त्यात नव्हतंच. दुसरा नंबर देताना मी हे सगळं तिला सरळ सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “येतात तेव्हा दोन दिवस नुसते झोपतात हो. त्यावर काय गाणं करायचं?”

त्यावरच कर, असं बुवा आणि मी एकदमच म्हणालो. पट्टी दोन स्वर खाली घेऊन दिली, ढोलकीवाल्या मुलाला तिच्या वाडीत जायचं काम लावलं. नवं कडवं शिमग्याच्या आधी ऐकवायचं ठरलं आहे.