चौदा हजारांची चाळिशी

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. हात एकाचा चालला, सांगणे मात्र दोघांचे आहे. आमच्यातला एक जण बत्तीस वर्षे एसटीत वाहक होता. दुसरी घरीच शिलाई मशीनवर ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. राहणे अकोल्यातच. एकाची साठी उलटली, दुसरीची जवळ आली.

चष्म्याबद्दल एवढे काय लिहायचे, असे कुणाला वाटेल. पण चाळिशी घरोघरी आहे. आमचा जो पैसा गुंतला आणि जी लाज आम्ही महिनाभर पोटात ठेवली, ती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहीत आहोत.

चाळिशी हा आपल्या भाषेतला शब्दच मुळी खरा आहे. डोळ्याच्या आत एक नैसर्गिक भिंग असते. तरुणपणी ते लवचीक असते, जवळचे पाहताना फुगते, लांबचे पाहताना सपाट होते. वय वाढते तसे ते कडक होते आणि चाळिशीच्या आसपास जवळचे अक्षर पुसट होऊ लागते. हा रोग नव्हे. केस पिकतात तसेच हे. आमच्या विहारात वर्षावासात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचतात. वाचणाऱ्या बाया चार, चष्मा एक. एकीचे पान झाले की चष्मा दुसरीच्या हातात जातो. नंबर कुणालाच नीट जुळत नाही, पण वाचन थांबत नाही.

आमच्यातल्या एसटीवाल्याला चाळिशी लागली तेव्हा मोठी पंचाईत झाली. वाहकाला तिकिटावरचा आकडा जवळून वाचायचा, मागच्या बाकावर कोण चढले ते पाहायचे आणि पुढचा थांबाही ओळखायचा. दोन चष्मे केले. एक नाकावर, एक खिशात. खिशातला एकदा गर्दीत चेपला. मग दोन नंबरचा, मधे आडवी रेघ असलेला बायफोकल केला. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ सालच्या एका पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याबद्दल लिहिले आहे. वरून लांबचे दिसते, खालून जवळचे दिसते. मात्र मधल्या अंतरासाठी त्यात काही नसते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा, भाजीवाल्याचा तराजू, ताटातला मिठाचा खडा, हे सगळे ना वरच्या काचेत नीट, ना खालच्या.

मागच्या वर्षी मुलगा पुण्याहून आला होता. बापाला मान वर-खाली करताना त्याने पाहिले. “बाबा, आता तुम्ही प्रोग्रेसिव्ह घ्या. चांगल्यातला घ्या, पैशाचं मी पाहतो,” असे म्हणून त्याने चौदा हजार रुपये हातावर ठेवले. नुसत्या काचांचे. फ्रेमचे वेगळे. आमच्या घरात चौदा हजारांची वस्तू म्हणजे फ्रीज.

प्रोग्रेसिव्ह काचेत रेघ नसते. वरच्या भागात लांबचा नंबर, आणि खाली येता येता तो थोडा थोडा वाढत जवळच्या नंबरापर्यंत पोचतो. म्हणून मधले अंतरही मिळते. अशी पहिली चांगली चाललेली काच फ्रान्समध्ये बर्नार्ड मेतनाझ या अभियंत्याने तयार केली आणि १९५९ साली ती व्हेरिलक्स या नावाने बाजारात आली. ज्या संस्थेत ते काम करीत होते, तिचे मूळ वाचून आम्हाला नवल वाटले. पॅरिसमधल्या चष्मे बनवणाऱ्या कारागिरांनी १८४९ साली एकत्र येऊन काढलेली ती कामगारांची सहकारी मंडळी. कामगारांच्या मंडळीतून वाढलेली ही वस्तू, आणि आज ती विकत घ्यायची तर कामगाराला दहादा विचार करावा लागतो.

चष्मा आला. आमच्या काचा कोणत्या कंपनीच्या होत्या आणि दुकान कोणते होते, ते इथे महत्त्वाचे नाही. घालून पाहिला तर फरशी हलल्यासारखी वाटली. पेपर धरला तर एका वेळी दीड शब्द दिसायचा, पुढच्या शब्दासाठी मान वळवावी लागायची. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, सवय होईल.” आम्ही मान हलवली आणि घरी आलो. दुकान थंडगार, काचेची कपाटे, बोलणारा पोरगा इस्त्रीच्या शर्टातला. तिथे “मले दिसत नाही” हे तीन शब्द तोंडातून निघेनात.

घरी येऊन दोघांचे एकच बोलणे. “लोकायले जमते, आपल्यालेच कसं जमत नाही?” “महागाची वस्तू हाय. वापराले डोकं लागत असन.” दहा दिवस गेले, पंधरा गेले. रोज सकाळी चष्मा घालायचा, तासाभरात डोके ठणकायचे, मग काढून ठेवायचा. मुलाचा फोन आला की सांगायचे, “मस्त दिसते रे बाप्पा.” पोराने पोटाला चिमटा घेऊन पैसे दिलेले. त्याला खोटे सांगताना तोंड कडू व्हायचे.

मग एका संध्याकाळी मुलीचा मुलगा, आमचा नातू कडेवर होता आणि घराच्या तीनच पायऱ्या उतरायच्या होत्या. रोजच्या पायऱ्या. खाली पाहिले तर पायरी जवळ आल्यासारखी, पसरट दिसली आणि पाय हुकला. पोराला वर धरले म्हणून तो वाचला. आमच्यातल्या एसटीवाल्याचा गुडघा मात्र फुटला. धावत्या गाडीत बत्तीस वर्षे उभा राहिलेला माणूस आपल्याच दारात पडला. त्या रात्री चष्मा डबीत, डबी पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीला कुलूप.

शेजारची एक मुलगी बारावीला आहे. गुडघ्याची पट्टी पाहून ती विचारू लागली. सगळे सांगितल्यावर ती म्हणाली, “काकाजी, बिल दाखवा बरं.” तिने बिल उलटे केले. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते: काचा डोळ्यांना न जुळल्यास तीस दिवसांच्या आत आणाव्यात, तपासून बदलून मिळतील. आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत राहिलो. चष्मा दिसत नाही म्हणून परत करायची सोय होती, आणि ती वाचायलाच चष्मा लागत होता! चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी तिघे गेलो. या वेळी पोरीनेच आधी विचारले, “माप कसं घेतलं होतं, ते सांगता का?” आतून एक वयस्कर कारागीर आला. त्याने आधी काचेवर तोंडाची वाफ सोडली. वाफेत काचेवर कोरलेल्या बारीक खुणा उमटल्या. त्या खुणांवरून काचेचा मध्य कुठे बसला आहे ते कळते, असे त्याने दाखवले. मग समोरासमोर, डोळ्यांच्या उंचीला डोळे आणून बसला आणि मार्करने बुबुळासमोर ठिपके दिले. उजवे बुबुळ नाकापासून जितके लांब, तितके डावे नव्हते. तीन मिलिमीटरचा फरक निघाला. पहिल्यांदा दोन्ही डोळ्यांमधले सगळे अंतर घेऊन त्याचे सरळ दोन भाग केले होते. शिवाय फ्रेम आम्हीच हौसेने बुटकी निवडली होती. त्या फ्रेमच्या मापाने काच कापताना वाचायचा खालचा भागच बराचसा निघून गेला होता.

त्या कारागिराने सांगितले ते आमच्या भाषेत सांगतो. ही काच म्हणजे पांदण आहे. मधे चालायची निरुंद वाट, दोन्ही बाजूंनी काटेरी कुंपण. वाटेत सगळे स्वच्छ, कडेला मात्र पाण्यातून पाहिल्यासारखे. जवळचा नंबर जितका जास्त, तितकी वाट अरुंद. भारी काचेत संगणकाने हिशेब करून ही वाट रुंद करतात, त्याचे पैसे असतात. पण कडेचा धूसरपणा कोणत्याच काचेतून पुरता जात नाही. आणि माप चुकले तर माणूस वाटेवर न राहता थेट कुंपणात. मग काच दोन हजारांची असो की चौदा हजारांची.

पायरीचे कोडेही तेव्हाच सुटले. खालचा भाग जवळच्या नंबराचा. त्यातून चार-पाच फुटांवरची पायरी पाहिली की ती पुसट दिसणारच. म्हणून उतरताना हनुवटी छातीकडे न्यायची आणि वरच्या भागातून पायरी पाहायची. ही साधी गोष्ट आम्हाला चष्मा देताना कुणी सांगितली नव्हती. सिडनीच्या संशोधकांनी २००२ साली ६३ ते ९० वर्षांच्या माणसांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले होते, की असे अनेक नंबरांचे चष्मे लावणारे म्हातारे, न लावणाऱ्यांपेक्षा जास्त पडतात. म्हणजे पडणारे आम्ही एकटे अडाणी नव्हतो.

काचा बदलून मिळाल्या. फ्रेम उंच घेतली. पहिले सात-आठ दिवस फरशी थोडी हललीच, पण दहाव्या दिवशी चष्मा नाकावर आहे हेच आमचा एसटीवाला विसरला. आता पेपर, तराजू, समोरच्याचा चेहरा, रस्त्यापलीकडची पाटी, सगळे एकाच चष्म्यातून. बाजूचे पाहायला डोळे नव्हे, मान वळवायची, एवढे पथ्य.

मग शिलाईवालीनेही तो प्रकार करून पाहावा असा मुलाचा आग्रह. कारागिराने तिला एकच प्रश्न विचारला, “बाई, दिवसातून किती तास मशीनवर बसता?” ती म्हणाली, “पाच-सहा.” तो म्हणाला, “मग तुम्हाला हा नको.” मशीनवर कापड डावी-उजवीकडे पसरलेले असते, सुई हातभर अंतरावर. अरुंद वाटेतून टाका दिसेल, पण कापडाची कड दिसणार नाही. तिने सुईचे अंतर दोऱ्याने मोजून नेले आणि त्या अंतराचा एकाच नंबराचा साधा चष्मा साडेचारशे रुपयांत करून घेतला. आता सगळे कापड एका नजरेत येते. पहिल्याच आठवड्यात तिने उसवलेले टाके मोजले, निम्मेही नव्हते.

साध्या चष्म्याला कमी समजू नये. २०१८ साली आसामच्या चहामळ्यांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांपैकी निम्म्यांना जवळचे चष्मे दिले होते. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पाने खुडण्याची वाढ जवळजवळ २२ टक्के जास्त निघाली. हात तेच, मळा तोच.

आमच्या अनुभवातून एवढे सांगतो. आधी डोळे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. मोतीबिंदू किंवा साखरेचा त्रास असेल तर नुसत्या काचेने भागत नाही. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात नेत्रविभाग आहे. आपले काम काय, ते दुकानात आधी सांगावे. प्रोग्रेसिव्ह घ्यायचा तर दोन्ही डोळ्यांचे माप वेगवेगळे, निवडलेली फ्रेम नाकावर असतानाच घ्यायला लावावे. फ्रेम बुटकी नको. बिलाच्या मागचे वाचून घ्यावे, आपल्याला दिसत नसेल तर पोराबाळांकडून. पंधरा दिवसांत जुळले नाही तर परत जावे आणि तोंड उघडून सांगावे.

हे शेवटचेच आम्हाला सर्वांत जड गेले. काचेचे माप चुकले होते आणि आम्ही महिनाभर आपलीच अक्कल मोजत बसलो. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल प्रश्न विचारायला आपल्याला लाज वाटावी, ही सवय किती खोल रुतलेली आहे ते त्या बारावीच्या पोरीने दाखवून दिले. तिला ती सवय नाही, याचा आम्हाला फार आनंद आहे.

मुलाला आम्ही सगळे खरे सांगितले. तो थोडा रागावला. “आधी काऊन नाही सांगतलं?” म्हणाला. या वर्षी वर्षावासाच्या आधी विहारातल्या त्या चारही बायांना आम्ही डोळे तपासायला घेऊन जाणार आहोत. जिचा तिचा नंबर, जिचा तिचा चष्मा.