एका वेळी एकच बदल



स्वनिम, रूपिम आणि बोली यांविषयीचे घटक वाचून झाल्यावर हार्ड डिस्कच्या बिघाडाची हकिगत समोर आली, तर तुम्हांला थोडे नवल वाटेल. भाषेच्या अभ्यासकाचे या विषयाशी काय नाते, असाही प्रश्न पडेल. परंतु अभ्यासाची एखादी पद्धत आपल्या अंगवळणी पडली आहे की नाही, हे पुस्तकातील उदाहरणे सोडवून पुरते कळत नाही. पुस्तकाबाहेरच्या अडचणीत ती आपोआप आठवली, तर ती आपली झाली असे समजावे. अशाच एका अडचणीविषयी मी तुमच्याशी बोलणार आहे.

माझ्या विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ऐंशीच्या दशकात अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील खेड्यांत हिंडून वऱ्हाडी बोलीचे ध्वनिमुद्रण केले होते. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, दुष्काळाच्या आठवणी, वखर, डवरा आणि तिफन यांच्या एकेका भागाची नावे असे ते धन होते. कॅसेटींना बुरशी लागू लागली, तेव्हा निवृत्तीनंतरची दोन वर्षे खर्चून सरांनी ते सारे संगणकावर उतरवले आणि एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर साठवले. आज त्या कॅसेटींची फीत यंत्रात घालताच तुटते. सर गेल्यानंतर काकूंनी ती डिस्क एका जुन्या रुमालात गुंडाळून माझ्या हाती दिली. “यांचं सगळं यात आहे. तुला उपयोग होईल,” एवढेच त्या म्हणाल्या.

या ध्वनिमुद्रणाचे मोल काय, ते सांगायला हवे. वऱ्हाडीत प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. डोळा हा ‘डोया’ होतो, काळा हा ‘काया’. हे तुम्ही बोलींच्या घटकात वाचलेच आहे. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बोलींचे नमुने आहेत, परंतु ते लिखित आहेत. बोलणाऱ्या बाईने कुठे श्वास घेतला, कोणता स्वर लांबवला, हे लेखनातून ऐकू येत नाही. सरांच्या ध्वनिमुद्रणांत ते ऐकू येत होते. त्यांनी मला एकदा सांगितले होते, की एक आजी सुनेशी बोलताना ‘डोया’ म्हणत आणि त्यांच्याकडे वळून बोलताना ‘डोळा’ म्हणत. समोर अभ्यासक बसला की माणसाचे बोलणे बदलते. विल्यम लबॉव्ह यांनी यालाच ‘निरीक्षकाचा विरोधाभास’ म्हटले आहे. आपल्या एका बोलीतला त्याचा जिवंत पुरावा त्या डिस्कवर होता. त्या आजी आता नाहीत. प्रश्न विचारणारे सरही नाहीत. ते ध्वनिमुद्रण पुन्हा करता येण्यासारखे नव्हते.

डिस्क मी माझ्या नव्या लॅपटॉपला जोडली. तीन आठवडे तो लॅपटॉप कोणतीही कुरकुर न करता चालला होता. डिस्कचा दिवा लुकलुकला, आतली तबकडी फिरू लागल्याची सूक्ष्म घरघर ऐकू आली आणि डिस्कचे नाव पडद्यावर उमटण्यापूर्वीच पडदा निळा झाला. त्यावर चार ओळी आल्या आणि संगणक बंद होऊन आपणहून पुन्हा सुरू झाला. डिस्क काढली, तो सुरळीत. पुन्हा जोडली, पुन्हा तेच. दोनदा तेच घडले, तेव्हा हा योगायोग नव्हे इतके निश्चित झाले. त्यापुढे मी तिसऱ्यांदा डिस्क जोडली नाही. संगणक असा अकस्मात बंद पडतो, तेव्हा डिस्कवर काही लिहिले जात असल्यास ते अर्धवट राहते आणि तिच्यावरची मांडणी बिघडू शकते. ठाऊक झालेल्या गोष्टीची पुन्हा पुन्हा खात्री करून घेण्याची किंमत या ठिकाणी मोठी होती.

मग सल्ले येऊ लागले. भाचा म्हणाला, “मावशी, डिस्क गेली.” दुकानदार म्हणाला, लॅपटॉप बदलून घ्या. एका सहकाऱ्यांना व्हायरसचा संशय आला. आणखी एकांनी डिस्क सरळ फॉरमॅट करण्यास सांगितले. हा शेवटचा सल्ला मानला असता, तर डिस्क कदाचित चालू झाली असती आणि आजींचा आवाज पुसला गेला असता. सर्व सल्ले सद्भावनेचे होते. त्यांत एक साम्य मात्र होते: प्रत्येकाने दोषी कोण हे आधी ठरवले होते आणि पुरावा नंतर पाहायचा होता.

आता तुमच्या पाठ्यपुस्तकातील न्यूनतम युग्मे आठवा. ‘काल’ आणि ‘काळ’ हे शब्द आपण शेजारी ठेवतो. क् तोच, आ तोच. बदलला तो एकच स्वन आणि अर्थ बदलला. म्हणून ल् आणि ळ् हे मराठीतील दोन वेगळे स्वनिम ठरतात. ‘काल’ आणि ‘माळ’ शेजारी ठेवले असते, तर अर्थातील फरक पहिल्या व्यंजनामुळे पडला की शेवटच्या, हे सांगता आले नसते. बिघाड शोधण्याचे तंत्र याहून निराळे नाही. केबल बदलली, पोर्ट बदलला, नवे सॉफ्टवेअर घातले आणि हे सर्व एकदम केले, तर डिस्क चालू झाली तरी कारण कळत नाही. आणि न झाली तर गोंधळ तेवढा वाढतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व तसेच ठेवावे, आणि काय घडले ते वहीत लिहावे.

मी वहीत लिहू लागले. नव्या लॅपटॉपला दुसरा पेन ड्राइव्ह जोडला, तर लॅपटॉप सुरळीत चालला. महाविद्यालयाच्या भाषा प्रयोगशाळेतील जुन्या संगणकाला सरांची डिस्क जोडली, तर ती सहज उघडली. म्हणजे लॅपटॉप एकटा चांगला, डिस्कही एकटी चांगली. दोघे एकत्र आले की मात्र संकट. येथे मला अनुस्वार आठवला. ‘अंग’, ‘अंत’ आणि ‘अंबा’ या शब्दांत चिन्ह एकच आहे, पण पुढे कोणते व्यंजन येते त्यावरून त्याचा उच्चार ङ्, न् किंवा म् असा होतो. नुसत्या टिंबाकडे पाहून उच्चार सांगता येत नाही, त्याचा परिसर पाहावा लागतो. माझ्यापुढचा दोषही कोणा एका वस्तूत नसून दोन वस्तूंच्या परिसरसंबंधात होता.

जुन्या संगणकावर डिस्क उघडली, त्या क्षणी शोध थांबवणे हेच योग्य होते. कारण शोधण्याचे कुतूहल कितीही असो, आधी आशय वाचवायचा, दोष नंतर पाहायचा. सुमारे दोनशे गिगाबाइटचा तो संग्रह त्या संगणकाच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून उतरायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. लगेच मी दुसरी प्रतही केली. मग एक फाइल उघडून पाहिली. जात्याची घरघर, मागे कोंबड्याचे आरवणे, आणि सरांचा तरुण आवाज: “आजी, याले काय म्हंता तुमी?” सर वर्गात काटेकोर प्रमाण मराठी बोलत. मुलाखतीत ते वऱ्हाडीत विचारत होते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आजींनी ‘डोळा’ म्हणू नये, ‘डोया’च म्हणावे, म्हणून त्यांनी आपली भाषा बदलून पाहिली होती. त्यांचा तोही एका वेळचा एक बदल होता.

प्रती सुरक्षित झाल्यावर मी पुन्हा लॅपटॉपकडे वळले. प्रथम केबल बदलली, फरक नाही. मग पोर्ट बदलला, फरक नाही. वीज अपुरी पडत असेल काय, हा पुढचा प्रश्न. यूएसबी पोर्ट पाच व्होल्टची वीज देतो. यूएसबी २.० च्या पोर्टमधून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअरपर्यंत आणि ३.० च्या पोर्टमधून ९०० पर्यंत प्रवाह मिळतो. थांबलेली तबकडी फिरू लागताना क्षणभर जास्त वीज लागते. म्हणून स्वतःचा विद्युतपुरवठा असलेला हब मध्ये घालून पाहिला. तरीही पडदा निळाच झाला. विजेची शंका मिटली. जुन्या संगणकावर डिस्कची तपासणी केली, तर तिच्यावरची मांडणी निर्दोष निघाली.

यानंतर लॅपटॉप ‘सेफ मोड’मध्ये सुरू केला. या अवस्थेत संगणक अत्यावश्यक तेवढीच सॉफ्टवेअरे घेऊन चालतो. सरांची डिस्क निमूटपणे उघडली! वहीतील हे सर्वांत बोलके युग्म ठरले. लॅपटॉप तोच, डिस्क तीच, केबल आणि पोर्टही तेच. नेहमीच्या अवस्थेत भरले जाणारे ड्रायव्हर तेवढे येथे नव्हते. दोष आता हाताला लागण्याइतका जवळ आला.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि जोडलेले उपकरण यांच्यामधला दुभाषी. यूएसबी उपकरण जोडताच दोघांत एक छोटा संवाद होतो. संगणक विचारतो, तू कोण, कोणत्या प्रकारचे, तुला किती वीज हवी? उपकरण ठरलेल्या क्रमाने उत्तरे देते. उत्तरे कळली की योग्य तो ड्रायव्हर कामाला लागतो. काही ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या अगदी गाभ्यात बसून काम करतात. तेथे चूक झाली, तर चुकीची माहिती इतरत्र लिहिली जाऊ नये म्हणून कार्यप्रणाली स्वतःच सर्व काम थांबवते. निळा पडदा म्हणजे हे थांबणे. तो पाहून आपण घाबरतो, पण त्याचा हेतू रक्षणाचा असतो. त्यावरच्या ओळी घाईने पुसट नजरेने पाहू नका. त्यांत थांबण्याचे सांकेतिक नाव असते, आणि कधी कधी ज्या फाइलमध्ये चूक झाली तिचेही नाव असते. मी मोबाइलने त्या पडद्याचे छायाचित्र घेतले होते. त्यातील फाइल यूएसबी नियंत्रकाच्या ड्रायव्हरची होती. लॅपटॉपच्या उत्पादकाने त्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती दिली होती. ती घातली, संगणक पुन्हा सुरू केला आणि डिस्क जोडली. दिवा लुकलुकला, घरघर झाली, डिस्कचे नाव उमटले. काम झाले.

आठवड्याभराने एक प्रत मी काकूंना नेऊन दिली. संग्रह सरांचा, म्हणून त्यांच्या घरी त्याची प्रत असायलाच हवी होती. काकूंनी पहिली फाइल शेवटपर्यंत ऐकली आणि मग चहाचे आधण ठेवले. ‘डोळा’ आणि ‘डोया’ यांच्या नोंदी तपासण्याचे माझे काम आता सुरू आहे.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून शिकत आहेत. प्रकल्पासाठी तुम्ही आजीचे, शेजारच्या म्हाताऱ्या बाबांचे किंवा बाजारातल्या कारागिराचे बोलणे मोबाइलवर मुद्रित कराल. त्या नोंदीसोबत बोलणाऱ्याचे गाव, अंदाजे वय, तारीख आणि प्रसंग लिहून ठेवा. ‘ध्वनी ००७’ अशा नावाच्या फाइलवरून दहा वर्षांनी काहीही कळणार नाही. जतनाचा एक साधा नियमही पाळा: प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या ठिकाणी असावी. यंत्र अडले, तर फॉरमॅटचे बटण दाबण्यापूर्वी वही उघडा. काय बदलले, काय तसेच राहिले, हे दोन रकान्यांत लिहा. हाच तक्ता तुम्हांला पुढच्या घटकातील स्वनिमविश्लेषणाच्या स्वाध्यायात करायचा आहे. तेथे डिस्कच्या जागी तुमच्या गावच्या बोलीतले शब्द असतील, एवढाच फरक.