हिरव्या उजेडात अम्मींचे डोळे

आमच्या अम्मींना बारा वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या त्या वेळेवर घेतात, चहा बिनसाखरेचा पितात. पण डोळे तपासून घेण्याचा विषय निघाला की सुईदोरा काढत. चष्मा लावून पहिल्याच खेपेला दोरा ओवत आणि म्हणत, "बघा! मला काय झालंय?" आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. शाळेत पन्नास मुलांना समजावतो, पण घरी या सुईपुढे आमचे काही चालत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही हट्टाने त्यांना नेलेच. बाहुल्या मोठ्या होण्यासाठी डोळ्यांत थेंब घातले, अर्ध्या तासाने फोटो काढले. डॉक्टरांनी पडद्यावर एकाच डोळ्याचे दोन फोटो दाखवले. पहिला नारिंगी, त्यावर लालसर शिरा. आम्हाला त्यात काहीच वावगे दिसेना. दुसरा करडा, आणि त्यात शिरा काळ्याभोर, झाडाच्या फांद्यांसारख्या. फांद्यांच्या मधे सुईने टोचल्यासारखे सहा-सात काळे ठिपके. बारीक शिरांना आलेले फुगे आणि थोडे झिरपलेले रक्त, असे डॉक्टर म्हणाले. दुसरा फोटो फक्त हिरव्या उजेडातला होता.

अम्मी गप्प झाल्या. आम्हीही.

घरी आल्यावर आम्ही मुलांच्या वर्गातला जुना प्रयोग अम्मींसमोर मांडला. पांढऱ्या कागदावर लाल पेनाने रेघा ओढल्या. वर लाल जिलेटिनचा कागद धरला, तर रेघा जवळजवळ नाहीशा झाल्या. हिरवा धरला, तर त्याच रेघा काळ्या उमटल्या. डोळ्यातही हेच होते. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश, विशेषतः ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा, भरपूर शोषून घेते. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) जिथे रक्त, तिथून प्रकाश कमी परततो, म्हणून शीर असो की सांडलेला थेंब, गडद दिसतो. लाल प्रकाश रक्तात फारसा अडत नाही. तो पडद्याच्या मागच्या थरापर्यंत जातो, म्हणून वरच्या शिरा फिकट वाटतात. निळा प्रकाश डोळ्यात जास्त विखुरतो, आणि उतारवयात पिवळसर झालेले भिंग तो अडवते. म्हणून अम्मींच्या वयाला त्यात चित्र धूसर येते.

तरी निळ्याचेही एक काम आहे. शिरा कुठे गळतात हे पाहायचे असेल, तर डॉक्टर हाताच्या शिरेतून फ्लुरोसीन नावाचा रंग देतात. त्यावर ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश टाकला की तो रंग हिरवट-पिवळा चमकतो आणि गळती उजळून दिसते. त्यानंतर दिवसभर त्वचा पिवळसर, लघवी गडद पिवळी-केशरी होते, घाबरायचे नसते. ही तपासणी प्रत्येकाला लागत नाही. अम्मींनाही लागली नाही.

"पण मला दिसतं ना नीट?" अम्मींनी विचारले. खरी गोम इथेच आहे. सुरुवातीला हा आजार दुखत नाही, नजरही कमी करत नाही. मधोमधची जागा, जिथून आपण वाचतो आणि सुई ओवतो, ती शाबूत असेपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. सुई ओवता येते म्हणजे नजर चांगली आहे, एवढेच. शिरांची हालत सुई सांगत नाही.

अम्मींना सध्या डोळ्यांवर उपचार नाहीत. शुगर आणि ब्लडप्रेशर ताब्यात ठेवायचे, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा. बारा वर्षे आम्ही सुईवर विसंबलो, ही चूक त्यांच्याइतकी आमचीही. मोठ्या वयात शुगर निघाली, तर निघाल्याबरोबर आणि मग दर वर्षी डोळ्यांचा पडदा तपासायचा असतो. जाताना सोबत कुणीतरी हवे. थेंबांमुळे काही तास जवळचे धूसर दिसते आणि उन्हात डोळे दिपतात.

परवा अम्मींनी स्वतःच कॅलेंडरवर पुढच्या तारखेभोवती खूण करून घेतली. मग शेजारच्या खालांना बोलावले, लाल पेन आणि हिरवा जिलेटिन कागद मागवला, आणि आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही बसा, मी समजावते."