बाजरीतली तूर

कला शाखेच्या विद्यार्थ्याचा आणि संगणकांच्या कारभाराचा संबंध काय, असे कोणीही विचारील. माझ्यापुरता तो संबंध गेल्या मे महिन्याच्या सुट्टीने जोडला. आमचे अण्णा ज्या कारखान्याच्या गोदामात काम करतात, तेथल्या संगणक विभागात दोन महिन्यांपुरता मदतनीस हवा होता. तारा ओढणे, यंत्रे पुसणे, छपाईयंत्रात कागद भरणे, असे काम. अण्णांनी साहेबांना गळ घातली आणि मी तेथे रुजू झालो.

पहिल्याच दिवशी वाटले, हा विभाग आहे की कडबोळे! हिशेब, पगार आणि भांडार यांची तीसेक यंत्रे विंडोजवर चालत. सगळ्यांच्या फायली ज्या मध्यवर्ती यंत्रात राहत, ते लिनक्सवर. त्याच्या शेजारचे एक जुनाट यंत्रही लिनक्सवरच. आणि खोक्यांवरची छपाई बेतणाऱ्या चित्रकाराच्या टेबलावर मॅक. एका छपराखाली तीन कार्यप्रणाली! कार्यप्रणाली म्हणजे यंत्राची मूळ घडी. बाकीचे सारे प्रोग्रॅम तिच्यावर उभे राहतात. घडी तीन प्रकारची, म्हणजे दुरुस्त्याही तीन प्रकारच्या आणि डोकेदुखीही तिप्पट.

हे तिघे भांडत तेही क्षुल्लक गोष्टींवरून. फाईलच्या नावातले इंग्रजी अक्षर मोठ्या लिपीतले काढा की लहान, विंडोजच्या लेखी ती एकच फाईल. लिनक्सच्या लेखी त्या दोन. अशा दोन फायली एकदा मध्यवर्ती यंत्रात झाल्या. पगार विभागातल्या बाईंना त्यांतली एकच दिसे. दुसरी शोधण्यात त्यांची सकाळ गेली आणि बोलणी मी खाल्ली!

मराठी सूचनांची तऱ्हा तर विचारूच नका. त्या जुन्या फाँटात टंकलेल्या होत्या. हे फाँट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवतात. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडतो आणि ‘सुरक्षा’ या शब्दाच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग उभी राहते. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५, तिन्ही प्रणालींत तोच. त्या सर्व सूचना मी युनिकोडमध्ये पुन्हा टंकल्या. मराठीच्या विद्यार्थ्याचा त्या विभागाला झालेला हा पहिला उपयोग.

तरीही हे तिघे एकत्र नांदत होते, याचे श्रेय मुख्यतः सांबा नावाच्या दुभाष्याला. लिनक्ससारख्या यंत्राला विंडोजच्या फायली वाटून घेण्याच्या भाषेत बोलायला लावणारा हा प्रोग्रॅम. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी विद्यार्थिदशेतच त्याचा पाया घातला आणि १९९२ मध्ये तो लोकांसाठी खुला केला. त्या भाषेचे नाव एस, एम, बी या तीन अक्षरांचे. ती अक्षरे असलेला शब्द त्यांनी शब्दसूचीत शोधला तेव्हा ‘सांबा’ सापडला. हे कळल्यावर त्या रुक्ष खोलीविषयी मला प्रथमच आपुलकी वाटली.

पण मूळ प्रश्न राहिलाच. एके दिवशी धीर करून विभागप्रमुखांना विचारले, “सर, सगळीकडे एकच प्रणाली का बसवत नाही? निम्मे काम वाचेल.”

सर हसले. म्हणाले, “१९ जुलै २०२४ आठवतो?”

मला आठवत होते ते विमानतळांवरचे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. बाकीचे सरांनी सांगितले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोजवरच्या आपल्या प्रोग्रॅमसाठी एक सदोष फाईल धाडली. सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून कोसळली. चूक दीड तासाच्या आतच मागे घेतली गेली. पण पडलेल्या यंत्रांपैकी असंख्य यंत्रांजवळ माणसाला जाऊन ती फाईल काढावी लागली. त्याच कंपनीचा प्रोग्रॅम असलेली लिनक्स आणि मॅक यंत्रे मात्र त्या दिवशी चालूच होती. “ज्यांचे सारे एकाच प्रणालीवर, त्यांचे सारे एकदम बसले,” सर म्हणाले.

ऐकता ऐकता मला आमचे कोरडवाहू रान दिसू लागले. आजोबा बाजरीत तुरीच्या ओळी घेत. बाजरी तीन महिन्यांत हाताशी येते. तूर सावकाश वाढते, पण मुळे खोल नेते. मधला पाऊस दडी मारून बसला आणि बाजरी करपली, तरी तूर तग धरते. कापणी दोनदा, मळणी दोनदा, आजी कुरकुरायची. आजोबा म्हणत, “दोनदा राबावं लागतं, पर एकदम उपाशी मरत न्हाई.” कारखान्याचे हे तीन तऱ्हांचे रान मला एकदम उमगले. निदान तेव्हा तसे वाटले.

माझा हा गैरसमज पुढच्याच महिन्यात फिटला. चार तारखेच्या दुपारी भांडारातल्या कोणीतरी बिल समजून एक टपाल उघडले. संध्याकाळपर्यंत अकरा यंत्रांवरच्या फायली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. सात तारखेला पगार होते. मी मनात म्हटले, पगारपत्रक तर मध्यवर्ती यंत्रात आहे. ते लिनक्सवर, त्याला काय होणार?

तेही गेले होते.

“असे कसे, सर?” माझा आवाज कापत होता.

“चोराने भिंत कुठे फोडली? विंडोजच्या यंत्रांना इथे लिहायची मुभा आपणच दिलेली. तो त्याच दाराने आत आला.”

मग सर त्या जुनाट यंत्राकडे वळले. ते रोज रात्री दोन वाजता मध्यवर्ती यंत्रातून स्वतःहून प्रती ओढून घेई आणि सात दिवसांच्या प्रती वेगवेगळ्या ठेवी. त्याच्यात शिरायची मुभा दुसऱ्या कोणत्याही यंत्राला नव्हती. त्यातली चार तारखेच्या पहाटेची प्रत सरांनी उघडली. मी श्वास रोखून अण्णांचे नाव शोधले. हजेरी, जादा तास, उचल, सारे जागच्या जागी होते. आमच्या किराणा दुकानदाराची उधारीची वही सात तारखेवर चालते, हे त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होते.

त्या दिवशी केलेल्या नोंदी तेवढ्या बुडाल्या. पुढचे दोन दिवस कागदी हजेरीपटावरून मी त्या पुन्हा भरल्या. उशिरापर्यंत बसलो, पण कंटाळा आला नाही. पगार सात तारखेलाच झाले.

पाऊस तुटला तर बाजरी जाते, तूर राहते. पण रानात गुरे शिरली तर ती बाजरी खातात आणि तूरही खातात. पिके मिसळली म्हणून कुंपण नको असे होत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला संगणकाच्या खोलीत शिकावे लागले.

पगाराच्या रात्री जेवताना अण्णांनी विचारले, “तुमच्या त्या मशिनींना काय झालं हुतं रं?”

इंग्रजी शब्द जिभेवर आले होते; ते गिळून म्हटले, “रानात ढोरं शिरली हुती, अण्णा. समदं खाल्लं.”

अण्णांचा घास थांबला. “आन् मग?”

“बियाणं कणगीत येगळं ठेवलं हुतं.”

“मग झालं तर,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.